मोठा डीजी सेट ट्रिप होतो तेव्हा: लॅपटॉप जोडून दोष शोधण्याची सुरक्षित पद्धत

ऑइल प्रेशरचा अलार्म येऊन डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, बंद पडतो. लॅपटॉप जोडला की कोड दिसतो, एसपीएन (भागाचा क्रमांक) १००, म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. इथपर्यंत सगळे बरोबर असतात. चूक होते ती शेजारचा एफएमआयचा, म्हणजे बिघाडाच्या प्रकाराचा, आकडा न वाचल्यामुळे. एसपीएन १०० सोबत एफएमआय १ असेल, तर दाब खरोखरच धोक्याच्या पातळीखाली गेल्याचं ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दिसलं आहे. अशा वेळी तेलाची पातळी पाहून आणि यांत्रिक गेज लावूनच इंजिन पुन्हा फिरवायचं. एफएमआय ४ असेल, तर सेन्सरकडून येणारं व्होल्टेज प्रमाणापेक्षा खाली गेलं आहे. ते काम वायर, कनेक्टर आणि मल्टीमीटरचं आहे, ऑइल पंपाचा तिथे काही संबंध नाही. एकाच एसपीएनवर दोन अगदी वेगळी कामं निघतात, आणि पहिल्या प्रकारात अलार्म रीसेट करून ‘एकदा स्टार्ट करून बघू’ म्हटलं तर क्रँकशाफ्टच जायची.

हा लेख साधारण ५०० ते १५०० केव्हीए क्षमतेच्या, इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या सेटसाठी आहे. रुग्णालयं, डेटा सेंटर, कारखाने, मोठ्या सोसायट्या इथे असेच सेट असतात. सॉफ्टवेअर कुठे मोजायचं ते दाखवतं. पार्ट बदलायचा निर्णय मात्र मीटर किंवा गेज लावून खात्री झाल्यावरच घ्यायचा.

दोन मेंदू, दोन सॉफ्टवेअर

सेटवर दोन वेगळे कंट्रोलर असतात आणि दोघांच्या नोंदीही वेगळ्या असतात. इंजिनावरचा ईसीएम इंधन, दाब, तापमान, आरपीएम सांभाळतो. पॅनलवरचा जेनसेट कंट्रोलर व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, लोड, ब्रेकर आणि ऑटो स्टार्ट बघतो. ईसीएमसाठी इंजिन कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं: कमिन्सला इनसाइट, कॅटरपिलरला कॅट ईटी, व्होल्वो पेंटाला व्होडिया, पर्किन्सला ईएसटी. लॅपटॉप आणि इंजिन यांच्यामध्ये त्या कंपनीचा अडॅप्टर येतो. पॅनलवर डीप सीचा कंट्रोलर असेल तर कॉन्फिगरेशन सूट, कॉमॅपचा असेल तर इंटेलीकॉन्फिग, कमिन्सचा पॉवरकमांड असेल तर इनपॉवर. यांत्रिक फ्युएल पंपाच्या जुन्या इंजिनांना ईसीएमच नसतो. तिथे फक्त पॅनलच्या नोंदी मिळतात.

परवाना नसलेल्या ‘क्रॅक’ प्रती बाजारात फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यांच्यातल्या जुन्या किंवा चुकीच्या डेटाबेसमुळे कोडचं वर्णन चुकीचं दिसू शकतं. अशा प्रतीतून ईसीएममध्ये काही लिहायचा प्रयत्न फसला तर लाखाच्या घरातला ईसीएम निकामी होतो.

सॉफ्टवेअरला न दिसणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. अल्टरनेटरचे डायोड, वाइंडिंगचं इन्सुलेशन, बेअरिंगचा आवाज, इंधनाच्या नळीतली हवा, तेलाला येणारा डिझेलचा वास, यातलं काहीही स्क्रीनवर येत नाही. म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी सेटभोवती एक पूर्ण फेरी मारा: गळती, सैल होज क्लॅम्प, उंदरांनी कुरतडलेली वायर, रेडिएटरवरचा कचरा, डे टँकची (सेटजवळच्या डिझेल टाकीची) पातळी. साखर कारखान्यात रेडिएटरवर बगॅसचा भुसा बसतो, जिनिंग मिलमध्ये कापसाची रुई, कोकणपट्टीत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात. बराच दोष इथेच सापडतो.

आधी सेट मृत करा

सेटवर दोन प्रकारे काम होतं आणि दोन्हींची तयारी वेगळी असते. नुसतं वाचायचं असेल तर ईसीएमला वीज लागते, त्यामुळे बॅटरी जोडलेली राहते आणि हात लांब ठेवायचे. कनेक्टर काढणं, सेन्सर बदलणं, बेल्टजवळ हात घालणं, टर्मिनल बॉक्स उघडणं, यांतलं काहीही करायचं असेल तर सगळे ऊर्जास्रोत तोडायचे. अपघात होतात ते ‘वाचता वाचता’ हात आत घातल्यामुळे.

सिलेक्टर ‘स्टॉप’वर ठेवला म्हणजे सेट सुरक्षित झाला असं समजू नका. एएमएफ पॅनलची (मेन्स गेल्यावर सेट आपोआप सुरू करणाऱ्या पॅनलची) रिमोट स्टार्टची वायर, बीएमएसचा (इमारतीच्या नियंत्रण यंत्रणेचा) आदेश किंवा लॅपटॉपवरची एक क्लिक सेट फिरवू शकते. क्रम असा ठेवा:

१. लोड उतरवा आणि सेट तीन ते पाच मिनिटं विनालोड चालवून टर्बो थंड होऊ द्या, मग बंद करा.

२. सिलेक्टर ‘ऑफ’वर, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला. सेटचा ब्रेकर उघडा, रॅक-आउट होणारा असेल तर बाहेर काढा, कुलूप आणि नावाची पाटी लावा. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात.

३. बाहेरून येणारा २३० व्होल्टचा पुरवठा बंद करा. जॅकेट वॉटर हीटर, बॅटरी चार्जर आणि अल्टरनेटरमधला ओलावा घालवणारा हीटर हे तिन्ही सेट बंद असतानाच चालू असतात. इंजिन थंडगार असलं तरी अल्टरनेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये २३० व्होल्ट असू शकतात, हे पुष्कळ जण विसरतात.

४. किल्ली बंद केल्यावर ईसीएमला नोंदी लिहायला वेळ द्या, निदान एक मिनिट. डीईएफ (एक्झॉस्ट स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) टाकी असलेल्या सेटमध्ये पंप नळ्यांतलं द्रावण टाकीत परत ओढतो, तिथे आणखी थांबा आणि पंपाचा आवाज थांबल्याची खात्री करा. मग बॅटरीची आधी निगेटिव्ह केबल काढा. परत जोडताना निगेटिव्ह सर्वांत शेवटी.

५. टेस्टर आधी चालू पुरवठ्यावर तपासा, मग बसबारवर तिन्ही फेज एकमेकांशी आणि न्यूट्रल, अर्थ यांच्याशी मोजा, मग टेस्टर पुन्हा चालू पुरवठ्यावर तपासा. दुसरा सेट समांतर जोडलेला असेल तर बसबार मागून जिवंत राहू शकतो.

ही घाई न करण्याचं कारण आकड्यातच आहे. १०१० केव्हीएचा सेट ४१५ व्होल्टला पूर्ण लोडवर सुमारे १४०५ अँपिअर देतो. अशा बसबारवर पाना पडला तर तो वितळून अंगावर येतो. ब्रेकर आणि बसबारचं काम परवानाधारक तारतंत्री किंवा विद्युत पर्यवेक्षकाकडेच द्या. लॅपटॉप चालवणारा माणूस इंजिनात कितीही हुशार असला तरी ते काम त्याचं नव्हे.

इंधनाची बाजू वेगळी सांगायला हवी. कॉमन रेल इंजिनात सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन मिळतं आणि रेलचा दाब १६०० बारच्या वर जातो. त्या दाबाची बारीक धार डोळ्यांना दिसत नाही आणि हातमोजा भेदून कातडीखाली डिझेल घुसवते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर मलम लावून घरी न पाठवता ताबडतोब शल्यचिकित्सा होणाऱ्या रुग्णालयात न्या आणि ‘उच्च दाबाचं डिझेल आत गेलं आहे’ हे शब्द स्पष्ट सांगा. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधायची, हाताने नाही. इंजिन बंद केल्यावर उच्च दाबाच्या नळीला हात लावण्याआधी किमान दहा मिनिटं थांबा आणि सॉफ्टवेअरवर रेल प्रेशर खाली आल्याचं बघा. इंजिन चालू असताना इंजेक्टरचा कनेक्टर काढू नका. तिथे ईसीएम ६० व्होल्टच्या वरचे झटके पाठवत असतो.

जोडणी

बहुतेक इंजिनांवर नऊ पिनांचा गोल डायग्नोस्टिक सॉकेट असतो. त्यात ए पिन बॅटरी निगेटिव्ह, बी पॉझिटिव्ह, सी कॅन हाय, डी कॅन लो (कॅन म्हणजे कंट्रोलरांमधली माहिती वाहणारी दोन वायरींची जोडी) आणि ई शील्ड. लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा. चार्जर लावून जोडला तर लॅपटॉपचा अर्थ आणि इंजिनाचा अर्थ यांच्यात प्रवाह वाहून अडॅप्टर किंवा यूएसबी पोर्ट जाऊ शकतो, आणि संवाद मध्येच तुटण्याचं तेही एक कारण असतं. केबल फॅन आणि टर्बोपासून लांब बांधा आणि लॅपटॉप कॅनॉपीच्या बाहेर टेबलावर ठेवा.

संवाद होत नसेल तर सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. पुरवठा बंद करून सी आणि डी पिनांमध्ये रोध मोजा. या कॅन जोडीच्या, म्हणजे जे१९३९ वाहिनीच्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून मीटरवर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोधक नाही किंवा वायर तुटली आहे. ४० आले तर कुणीतरी तिसरा रोधक जोडला आहे. नवा कंट्रोलर बसवताना हे हमखास होतं, कारण त्याच्या आतही एक रोधक असतो. शून्याजवळ असेल तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. मग पुरवठा चालू करून अर्थशी व्होल्टेज मोजा: कॅन हाय अडीचपेक्षा थोडं वर, कॅन लो अडीचपेक्षा थोडं खाली, आणि दोघांची बेरीज जवळपास ५.

पॅनलवर ‘ईसीयू डेटा फेल’ (ईसीयू म्हणजे ईसीएमच) आलं तर दोन मेंदूंचं बोलणं तुटलं आहे, ही मोजमापं तिथेच उपयोगी पडतात. ‘ईसीयू शटडाउन’ आलं तर बोलणं नीट चालू आहे, इंजिनानेच स्वतःला थांबवलं आहे. दोन्ही अलार्मना एकच समजून पॅनल उघडणारे पुष्कळ असतात.

काहीही पुसण्याआधी सगळं जपून ठेवा

जोडल्यावर सर्वांत आधी ईसीएमची संपूर्ण प्रत आणि पॅनलची कॉन्फिगरेशन फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या. फाइलच्या नावात सेटचा सीरियल नंबर, तारीख आणि चालू तास टाका. कोड पुसले की त्यांच्यासोबतचा स्नॅपशॉटही जातो, म्हणजे दोष आला त्या क्षणीचे आरपीएम, लोड, दाब, तापमान. दोष पुन्हा येईपर्यंत मग थांबण्याशिवाय हातात काही राहत नाही, आणि रुग्णालयाच्या सेटवर ते थांबणं कुणालाच परवडत नाही.

सक्रिय आणि निष्क्रिय कोड वेगवेगळे वाचा. निष्क्रिय कोड किती वेळा आला आणि पहिल्यांदा, शेवटी कोणत्या तासाला आला ते लिहा. पॅनलचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. पॅनलची बॅटरी काढल्यावर ते चुकतं, आणि मग दोन्ही नोंदींची वेळ जुळत नाही. नेमकं हवं असतं ते हेच: आधी काय घडलं? आधी आरपीएम पडले आणि मग व्होल्टेज, की आरपीएम १५०० वर स्थिर असताना व्होल्टेज गेलं? फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आणि व्होल्टेज कमी असेल तर इंजिन निर्दोष आहे, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग), डायोड किंवा सेन्सिंग वायरकडे जा. दोन्ही सोबत पडले असतील तर आधी इंजिन बघा, कारण फ्रिक्वेन्सी ठरावीक आकड्याखाली गेली की एव्हीआर स्वतःहून व्होल्टेज कमी करतो.

आता इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली चालू करा आणि आकडे वाचा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात इनटेक हवा आणि इंधन यांची तापमानं एकमेकांपासून दोनचार अंशांतच असतात. जॅकेट हीटर बंद ठेवला असेल तर कूलंट आणि ऑइलही त्यांच्या जवळ येतात. एकच सेन्सर वीस अंश वेगळा बोलत असेल तर तो खोटा आहे. ऑइलचा दाब आणि बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) शून्य हवेत. वातावरणाचा दाब, एसपीएन १०८, मुंबईत १०१ किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात सुमारे ९५, महाबळेश्वरला ८६ च्या जवळपास यायला हवा. पुण्यातल्या सेटवर हा आकडा ७० दिसला, तर इंजिन स्वतःला उंच डोंगरावर समजून इंधन कमी करतंय. ‘सेट लोडच घेत नाही’ या तक्रारीमागे हे सापडतं.

बॅटरीचं व्होल्टेजही दोन ठिकाणी बघा, स्क्रीनवर आणि मीटरने थेट बॅटरीच्या पोस्टवर. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर ईसीएमच्या पुरवठ्यात फ्यूज होल्डर किंवा अर्थचा बोल्ट सैल आहे. चार्जर चालू असताना मीटरवर २७ च्या आसपास दिसतं आणि बॅटरी छान वाटते. चार्जर बंद करून अर्धा तास थांबा. १२ व्होल्टच्या दोन बॅटरींच्या चांगल्या जोडीवर २५.२ ते २५.६ दिसतं. क्रँकिंगच्या वेळी १८ च्या खाली जात असेल, किंवा स्टार्टर फिरताच लॅपटॉपचं कनेक्शन तुटत असेल, तर आधी बॅटरी आणि केबल दुरुस्त करा. त्या पडत्या व्होल्टेजमुळे आलेल्या कोडांमागे धावण्यात अर्थ नाही.

एफएमआय कसा वाचायचा

एसपीएन म्हणजे कोणता भाग, एफएमआय म्हणजे त्याला काय झालं. ०, १५, १६ या आकड्यांचा अर्थ मोजमाप खरं आहे पण प्रमाणापेक्षा वर. ० सर्वांत गंभीर, १५ सौम्य. १, १८, १७ म्हणजे तसंच, पण प्रमाणाखाली. हे आकडे आले की आधी इंजिनाची प्रकृती बघायची. ३ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज वर, ४ म्हणजे खाली, ५ म्हणजे प्रवाह कमी किंवा वायर तुटलेली, ६ म्हणजे प्रवाह जास्त किंवा अर्थला टेकलेली. हे वायरिंगचे आकडे. २ म्हणजे सिग्नल उड्या मारतोय, बहुधा सैल पिन. ९ आणि १९ नेटवर्कवरच्या माहितीशी संबंधित. ३१ म्हणजे स्थिती उपस्थित आहे, तपशील कंपनीच्या पुस्तिकेत बघावा लागतो.

एकाच वेळी चारपाच सेन्सरांवर एफएमआय ३ किंवा ४ आले तर सगळे सेन्सर एकदम मेले असं समजू नका. दाबाचे सेन्सर तीन वायरींचे असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, सिग्नल आणि परतीची वायर. हा ५ व्होल्टचा पुरवठा अनेक सेन्सरांत वाटलेला असतो. एका सेन्सरमध्ये पाणी शिरून तो अर्थला टेकला की सगळ्यांचा पुरवठा कोसळतो आणि यादीत सेन्सर सप्लाय व्होल्टेजचा कोडही दिसतो, एसपीएन ३५०९ किंवा ३५१०. एका सेन्सरच्या कनेक्टरवर मीटर लावून ठेवा आणि त्याच पुरवठ्यावरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर मीटर उडी मारून ५ वर येतो, तो सेन्सर दोषी. सगळे काढूनही ५ येत नसेल तर हार्नेस बघा. कनेक्टर काढताना वीज तोडायच्या वरच्या नियमाला हा अपवाद आहे: हे काम इंजिन बंद, किल्ली चालू अशा अवस्थेत होतं, म्हणून स्टार्टरची कंट्रोल वायर काढून ठेवा.

सिग्नल मोजताना मीटरचं जाड टोक कनेक्टरच्या मादी पिनेत खुपसू नका. पिन रुंदावते, आणि दुरुस्ती झाली असं वाटून पंधरा दिवसांनी तोच दोष कंपनाने परत येतो. मागच्या बाजूने बारीक प्रोब घाला किंवा ब्रेकआउट केबल वापरा. बऱ्याच ऑइल प्रेशर सेन्सरचा सिग्नल इंजिन बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण दाबाला साडेचारच्या आसपास जातो. बंद इंजिनावर दोन व्होल्ट दिसले तर दोष कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

एक तक्रार शेवटपर्यंत: वीस मिनिटांनी फ्रिक्वेन्सी पडून ट्रिप

तक्रार अशी असते: सेट छान सुरू होतो, साठसत्तर टक्के लोड घेतो, वीस-तीस मिनिटांनी फ्रिक्वेन्सी ४७ च्या खाली जाऊन पॅनल ट्रिप देतो. थोडं थांबून स्टार्ट केला की पुन्हा वीस मिनिटं चालतो. पॅनलवर ‘अंडर फ्रिक्वेन्सी’, ईसीएममध्ये एसपीएन १५७ एफएमआय १८, म्हणजे रेलचा दाब प्रमाणाखाली.

इथे डेटा रेकॉर्डिंग लावायचं. पॅरामीटर आठ-दहाच निवडा. जास्त घेतले की नोंदींचा वेग मंदावतो आणि नेमका क्षण निसटतो. आरपीएम, टक्के लोड, रेलचा अपेक्षित दाब, रेलचा प्रत्यक्ष दाब, फ्युएल डिलिव्हरी प्रेशर म्हणजे एसपीएन ९४, इंधनाचं तापमान म्हणजे एसपीएन १७४, बूस्ट, इनटेक तापमान, बॅटरी व्होल्टेज आणि डीरेटची (इंजिनाने स्वतःहून शक्ती कमी केल्याची) स्थिती. एक माणूस लॅपटॉपवर, दुसरा इमर्जन्सी स्टॉपपाशी, कानांवर मफ. कॅनॉपीच्या आत कुणी नाही, गळ्यात ओळखपत्राची दोरी नाही. खोली तळघरात असेल तर आधी एक्झॉस्टची जोडणी आणि वायुवीजन तपासा.

ट्रिप झाल्यावर आलेख मागे नेऊन बघा, कोणती रेषा आधी वळली. डिलिव्हरी प्रेशर आधी उतरलं, मग रेलचा प्रत्यक्ष दाब अपेक्षित दाबापासून सुटला, मग आरपीएम पडले, तर दोष कमी दाबाच्या बाजूला आहे: टाकी, सक्शन, फिल्टर, लिफ्ट पंप. डिलिव्हरी प्रेशर ठाम असून रेलचा दाब पडला तर उच्च दाबाचा पंप, त्याचा मीटरिंग व्हॉल्व्ह, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा इंजेक्टरची परतीची गळती. रेल ठीक पण बूस्ट कमी आणि धूर काळा असेल तर एअर फिल्टर, चार्ज एअर होज, टर्बो. सगळं ठीक असून टक्के लोड एकदम शंभरावर उडी मारत असेल तर इंजिनाचा दोष नाही, एखादी मोठी मोटर डायरेक्ट ऑनलाइन, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर, सुरू होतेय. ती सुरुवातीला पूर्ण लोडच्या सहासात पट प्रवाह खेचते.

वीस मिनिटं चालून पडणं आणि थांबल्यावर पुन्हा चालणं ही बहुधा कमी दाबाच्या बाजूची खूण. टाकीतला कचरा, चिंधी किंवा बुरशीचा थर प्रवाहाबरोबर सक्शन नळीच्या तोंडाशी ओढला जातो, इंजिन थांबलं की सुटून खाली पडतो. टाकीचा व्हेंट तुंबला असेल तरी असंच होतं: टाकीत हळूहळू निर्वात तयार होतो, थांबल्यावर हवा झिरपून तो भरतो. व्हेंटची परीक्षा सोपी आहे. डिलिव्हरी प्रेशर उतरू लागलं की डे टँकचं झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा आवाज येऊन आलेख वर चढला तर दोष सापडला.

तसं झालं नाही तर लिफ्ट पंपाच्या आधी व्हॅक्युम गेज लावा. बऱ्याच मोठ्या इंजिनांत फिल्टर मळलेले असताना आठ ते दहा इंच पारा ही वरची मर्यादा धरतात. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. व्हॅक्युम जास्त असेल तर गेजच्या आधी कुठेतरी अडथळा आहे. व्हॅक्युम कमी आणि डिलिव्हरी प्रेशरही कमी, तर हवा शिरतेय किंवा पंप दुबळा आहे. सक्शन नळीचा तुकडा काढून तिथे पारदर्शक होज लावली की बुडबुडे दिसतात. सक्शनला गळती म्हणजे थेंब बाहेर येतील असं नाही, तिथे हवा आत ओढली जाते, म्हणून नळी कोरडी असूनही दोषी असू शकते.

खात्रीसाठी टाकीच बाजूला काढा. २०० लिटरच्या स्वच्छ बॅरलमधून ताजं डिझेल द्या आणि परतीची नळीही त्याच बॅरलमध्ये सोडा. १०१० केव्हीएचा सेट पूर्ण लोडला तासाला सुमारे २०० लिटर पितो, आणि परतीचा प्रवाह त्याहून वेगळा. परतीची नळी डे टँकमध्येच राहिली तर बॅरल बघता बघता रिकामं होतं आणि आत हवा शिरून दोष आणखी गोंधळात टाकतो. बॅरलवर ट्रिप होत नसेल तर इंजिनाला हात लावायची गरज नाही, टाकी साफ करा.

विदर्भात मे महिन्यात एक गोष्ट वेगळी बघा. ९९० लिटरची डे टँक अर्ध्यावर असेल तर परतीचं गरम डिझेल तिला तासाभरात तापवतं. ३८ अंशांच्या वर दर साडेपाच अंशांना शक्ती साधारण एक टक्का घटते, आणि ७० च्या पुढे पंपाचं वंगणही धोक्यात येतं. आलेखावर इंधनाचं तापमान सतत चढताना दिसलं तर टाकीची पातळी वाढवा आणि फ्युएल कूलर तपासा.

फिल्टर बदलताना शेवटचा बारीक फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवू नका; तो कचरा थेट इंजेक्टरात जातो. कोरडा बसवून प्रायमिंग पंपाने भरा. कॉमन रेलवर हवा काढायला इंजेक्टरची नळी सैल करायची जुनी सवय इथे जीवघेणी आहे.

तापमान आणि डीईएफ

एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान. त्याच्यासोबत इनटेक तापमान, एसपीएन १०५, सुद्धा चढत असेल तर हवेचा मार्ग बघा: रेडिएटर तुंबला आहे किंवा खोलीतली गरम हवाच पुन्हा आत ओढली जातेय. फक्त ११० चढत असेल तर थर्मोस्टॅट, वॉटर पंप, बेल्ट. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कूलंट ५० अंशांच्या खाली येईपर्यंत थांबा.

भारतात ८०० किलोवॉटपर्यंतच्या सेटना जुलै २०२३ पासून सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चार प्लस निकष लागू झाल्याने नव्या सेटवर डीईएफ टाकी दिसू लागली आहे. एसपीएन १७६१ म्हणजे टाकीची पातळी, ३३६४ म्हणजे द्रावणाचा दर्जा. दर्जाचा कोड आला की आधी रिफ्रॅक्टोमीटरने युरिया ३२.५ टक्के आहे का बघा. उन्हात ठेवलेले कॅन खराब होतात, आणि सेन्सर बदलून द्रावण तेच ठेवलं तर कोड परत येणारच.

सॉफ्टवेअरमधून हे करू नका

ट्रिपची मर्यादा वाढवून सेट चालता ठेवू नका. ऑइल प्रेशरची मर्यादा खाली केल्याने बेअरिंगला तेल मिळत नाही. शटडाउन ओव्हरराइडचा इनपुट चालू राहिला आहे का, हेही बघा. आगीच्या पंपासाठी तो दिलेला असतो आणि चाचणीनंतर तसाच विसरला जातो. दोष शोधता शोधता ईसीएमचं कॅलिब्रेशन नव्याने भरू नका. भरायची खरोखर गरज असेल तर दोष सापडल्यावर, पूर्ण चार्ज बॅटरीवर आणि लॅपटॉपची झोप बंद करून. मध्येच तुटलेलं फ्लॅशिंग म्हणजे मेलेला ईसीएम. सिलेंडर कटआउट चाचणी विनालोड, स्थिर तापमानाला घ्या. एकेक सिलेंडर बंद केल्यावर उरलेल्यांना भार उचलण्यासाठी इंधन वाढवावं लागतं. एखादा बंद करूनही इंधनाचा आकडा हललाच नाही, तर तो आधीपासूनच काम करत नव्हता.

सेट परत सेवेत

हत्यारं मोजून गोळा करा, गार्ड बसवा, हीटर आणि चार्जर चालू करा, बॅटरीची निगेटिव्ह शेवटी जोडा. कोड आता पुसा. विनालोड पाच मिनिटं चालवून गळती बघा, मग लोड बँकेवर (चाचणीसाठीच्या कृत्रिम लोडवर) किंवा खऱ्या लोडवर, ज्या लोडला ट्रिप होत होता त्याच लोडला, किमान एक तास चालवा. वीस मिनिटांनी येणारा दोष दहा मिनिटांच्या चाचणीत गेला असं लिहू नका. दीर्घकाळ तीस टक्क्यांखालच्या लोडवर चालवलेल्या सेटमध्ये न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं, त्यामुळे चाचणीचा लोड त्याहून वर हवा. याच वेळी तेच दहा पॅरामीटर पुन्हा रेकॉर्ड करा. निरोगी सेटचा हा आलेख पुढच्या दोषाच्या वेळी ताडून बघायला लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी नसतोच.

सिलेक्टर ऑटोवर ठेवा, परवानगी घेऊन मेन्सचा ब्रेकर उघडा. सेट स्वतःहून सुरू झाला, लोड घेतला, मेन्स परतल्यावर लोड सोडला आणि कूलिंग संपवून बंद झाला, हे सगळं डोळ्यांनी बघा. मग लॉगबुकात कोड, स्नॅपशॉटचे आकडे, मीटरची मोजमापं, बदललेला भाग आणि दोन्ही फाइलींची नावं लिहून सही करा.